हत्ती किती लांब होता?

अकरावीच्या वर्गावर प्रकाशशास्त्राचा तास संपवून मी खडू ठेवीत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी मोबाइल घेऊन पुढे आला. त्याचे भाऊ-भावजय दरवर्षीप्रमाणे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले होते. या खेपेस त्यांची टोळी कोल्हापूर जिल्ह्यात, चंदगडच्या बाजूला उतरली होती. तेथून भावाने एक छायाचित्र पाठविले होते. उसाच्या फडाची कड, मागे झाडी आणि मधोमध उभा असलेला एक सुळेवाला रानटी हत्ती.

"भारी आहे ना, सर? अन् भाऊ काही जवळ गेला नव्हता. लांबूनच काढलाय. बघा की, हत्ती केवढुसा दिसायलाय!"

आमच्या बीड जिल्ह्यात रानटी हत्ती नाही. तेव्हा मुलाला त्याचे अप्रूप वाटणे साहजिक होते. पण "लांबूनच" हा शब्द मला खटकला. मी त्याला म्हटले, "हत्ती किती लांब होता, हे भावाला विचारायची गरज नाही. हे चित्रच सांगेल. ये फळ्यापाशी."

विद्यार्थिमित्रांनो, त्या दिवशी आम्ही फळ्यावर जे गणित केले ते दहावीच्या भिंगांच्या धड्यापलीकडचे नाही. ते तुम्हांलाही करता येईल. आणि ते एकदा केले की, रानटी प्राण्यांच्या छायाचित्रांविषयी माझे जे म्हणणे आहे ते तुम्हांला पटेल अशी माझी अपेक्षा आहे.

एक साधे गुणोत्तर

वस्तू भिंगापासून पुष्कळ दूर असली म्हणजे तिची प्रतिमा जवळजवळ नाभीवरच पडते. अशा वेळी भिंगाच्या एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला प्रतिमा असे दोन समरूप त्रिकोण तयार होतात. त्यांवरून,

प्रतिमेची उंची ÷ वस्तूची उंची = नाभीय अंतर ÷ वस्तूचे अंतर

या चार राशींपैकी तीन ठाऊक असल्या की चौथी निघते. छायाचित्रावरून अंतर काढायचे ते याच नियमाने.

मोबाइलच्या कॅमेऱ्याचे भिंग फार लहान असते. त्याचे नाभीय अंतर जेमतेम पाच-सात मिलीमीटर भरते आणि त्यामागचा प्रकाश टिपणारा संवेदकही तसाच चिमुकला असतो. तुलना सोपी जावी म्हणून छायाचित्रकार सर्व कॅमेरे जुन्या ३५ मिलीमीटर फिल्मच्या मापात बसवून बोलतात. त्या फिल्मवरील चौकट ३६ मिलीमीटर रुंद व २४ मिलीमीटर उंच असे. या मापात सर्वसाधारण मोबाइलच्या मुख्य भिंगाचे नाभीय अंतर सुमारे २६ मिलीमीटर भरते. यापुढील सर्व आकडे याच मापातील आहेत असे समजावे.

भावाने मोबाइल आडवा धरला होता. चित्रात हत्तीची खांद्यापर्यंतची उंची चौकटीच्या उंचीच्या एकतृतीयांश, म्हणजे २४ पैकी ८ मिलीमीटर भरली. आशियाई हत्तीचा पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी साधारण पावणेतीन मीटर असतो. आम्ही बेताने अडीच मीटर धरली. आता २६ ला २.५ ने गुणून ८ ने भागा. उत्तर येते ८.१. उंची पावणेतीन मीटर धरली तरी अंतर नऊ मीटरांच्या वर जात नाही.

आमच्या वर्गखोलीची लांबी नऊ मीटर आहे. म्हणजे फळ्यापाशी हत्ती आणि शेवटच्या बाकावर भाऊ! वर्गात एकदम शांतता पसरली. तो विद्यार्थी कधी फळ्याकडे तर कधी आपल्या बाकाकडे पाहत राहिला.

हत्तीखान्यातील पडताळा

एखादे सूत्र फळ्यावर बरोबर ठरले म्हणून ते प्रत्यक्षातही तसेच असते हे गृहीत धरू नये, असे मी मुलांना नेहमी सांगतो. तेव्हा पडताळा घेणे आले. त्यासाठी आमच्या जिल्ह्यात उत्तम सोय आहे. अंबाजोगाईला शिवलेणी आहेत. लोक त्यांना 'हत्तीखाना' म्हणतात, कारण तेथे खडकात कोरलेले हत्ती आहेत. दगडाचा हत्ती हलत नाही, चिडत नाही आणि टेप लावू देतो. प्रयोगाला याहून चांगला हत्ती कोठे मिळणार?

एका रविवारी दहा-बारा मुलांना घेऊन मी तेथे गेलो. हत्तीची उंची टेपने मोजली. मग तीन, सहा आणि बारा मीटरांवरून एकाच मोबाइलने, झूम न वापरता, चित्रे काढली. अंतर दुप्पट केले की प्रतिमा निम्मी होते, हे पुस्तकातील वाक्य मुलांनी पट्टीने मोजून पाहिले. नंतर उलटे गणित केले. एकाने चित्र काढायचे आणि बाकीच्यांनी तो कोठे उभा होता हे केवळ चित्रावरून सांगायचे. बारा मीटरांवरील चित्रात आमचे उत्तर टेपच्या मापापासून मीटरभरही ढळले नाही. हत्ती जरा तिरपा असला किंवा उंचीचा अंदाज थोडा चुकला तर उत्तरही थोडे चुकते. पण आठ मीटरांचे ऐंशी मीटर मात्र होत नाहीत.

तेथे मुलांनी आणखी एक गोष्ट टिपली आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. बारा मीटरांवर उभे राहिले असता डोळ्यांना हत्ती अगदी समोर, मोठा वाटतो. मोबाइलच्या पडद्यावर पाहावे तर तोच हत्ती लहानसा, दूर कोठेतरी उभा असल्यासारखा दिसतो. मोबाइलचे भिंग विस्तृत कोनाचे आहे. ते पुष्कळ देखावा एका चौकटीत कोंबते. त्यामुळे चौकटीतील प्रत्येक वस्तू लहान होते आणि लहान दिसणारी वस्तू आपले मन दूर आहे असे समजते. भाऊ खोटे बोलत नव्हता. पडद्यात पाहून त्याला हत्ती खरोखरच लांब वाटला होता.

आफ्रिकेतील चित्रांची दुसरी फसवणूक

आता मोबाइल बाजूला ठेवून आफ्रिकेतील हत्तींची प्रसिद्ध चित्रे आठवा. केनियातील अंबोसेलीचे मैदान, मागे टांझानियातील किलिमांजारोचे बर्फाच्छादित शिखर आणि पुढे कान पसरून चालत येणारा भला मोठा हत्ती. दिनदर्शिकांवर, मोबाइलवर, दूरचित्रवाणीवर अशी चित्रे आपण नेहमी पाहतो. हत्तीच्या डोळ्याभोवतीच्या सुरकुत्यासुद्धा मोजता येतात. पाहणाऱ्याला वाटते, छायाचित्रकार हत्तीच्या पुढ्यातच उभा असणार!

त्या चित्रालाही आपले सूत्र लावून पाहू. आफ्रिकेच्या सवाना मैदानातील नर हत्ती तीन मीटरांहून थोडा अधिक उंच असतो. आपण तीन मीटर धरू. चित्रात त्याने २४ पैकी २० मिलीमीटर जागा व्यापली आहे आणि भिंग ४०० मिलीमीटरचे आहे. अंतर येते ६० मीटर. एवढ्या अंतरावरून चित्र काढणाराही बहुधा मोटारीत बसलेला असतो, आणि शेजारी त्या रानात वर्षानुवर्षे गाडी हाकणारा वाटाड्या असतो.

याच ६० मीटरांवरून मोबाइलने चित्र काढले तर काय होईल? हत्तीची प्रतिमा १.३ मिलीमीटरची, म्हणजे चौकटीच्या उंचीच्या सुमारे अठराव्या भागाएवढी होईल. चित्रात उभ्या दिशेने तीन हजार बिंदू असतील तर हत्तीच्या वाट्याला सुमारे १६० बिंदू येतील. हत्ती आहे एवढे कळेल. सुरकुत्या दिसणार नाहीत. बोटांनी पडदा ताणून चित्र मोठे करता येते, पण त्याने नुसते बिंदू फुगतात. भिंगाने जे टिपले नाही ते ताणून कोठून येणार?

तेव्हा मोबाइलवाल्याला आफ्रिकेच्या चित्रासारखे चित्र हवे असेल तर त्याला एकच मार्ग उरतो : पुढे जाणे. किती पुढे? २६ ला ३ ने गुणून २० ने भागा. ३.९ मीटर! काही महागड्या मोबाइलांत दूरचे टिपणारे वेगळे भिंग असते. ते १२० मिलीमीटरचे धरले तरी १८ मीटरांवर यावे लागते.

हत्तीच्या चित्रापायी होणाऱ्या अपघातांचे एक मोठे कारण माझ्या मते येथे आहे. लांब नाभीय अंतराच्या भिंगाने काढलेले चित्र दूरचा हत्ती जवळ दाखविते. ते पाहून आपल्या मनात हौस उत्पन्न होते. मग आपण मोबाइल घेऊन जातो, तर तो जवळचा हत्ती दूर दाखवितो आणि आपली भीती घालवितो. दोन्ही चित्रे खरी असतात. पण दोहोंच्याही खाली अंतर लिहिलेले नसते.

'सफारी' हा शब्द स्वाहिली भाषेतील आहे. तो अरबी 'सफर'वरून आला. आपली मराठी 'सफर' ती हीच. मूळ अर्थ केवळ प्रवास. पुढे युरोपीय शिकाऱ्यांमुळे त्याला बंदुकीचा वास लागला. छायाचित्रकलेच्या भाषेतही शिकारीचे शब्द आले. 'स्नॅपशॉट' म्हणजे मुळात नीट नेम न धरता चटकन झाडलेली गोळी. शिलिंग्ज या जर्मन गृहस्थाने पूर्व आफ्रिकेतील प्राण्यांची रात्रीची चित्रे काढून १९०५ साली पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावातच फ्लॅशच्या उजेडाबरोबर बंदूक होती. केनियात १९७७ साली शिकारीवर बंदी आली. हातातील बंदूक गेली आणि कॅमेरा आला ही चांगलीच गोष्ट झाली. पण शिकाऱ्याची एक खोड मागे राहिली. जितके जवळ जाऊ तितका पराक्रम मोठा, ही ती खोड. बंदुकीच्या काळात जवळ जाण्याला थोडाफार अर्थ असेल. भिंगाच्या काळात त्याला काहीच अर्थ नाही.

याउलट उदाहरण आपल्याच देशात आहे. एफ. डब्ल्यू. चँपियन हे वनाधिकारी १९२० च्या दशकात उत्तरेकडील जंगलांत वाघांची चित्रे काढीत. वाटेवर बारीक तार लावून ठेवायची. वाघाचा पाय लागला की कॅमेऱ्याची कळ आपोआप दाबली जायची. कॅमेरा वाघापासून हातभर अंतरावर, माणूस मात्र तेथे नाहीच! आज व्याघ्रगणनेसाठी जंगलात जे स्वयंचलित कॅमेरे लावतात, त्यांचे हे पूर्वजच म्हणावेत.

आठ मीटर म्हणजे किती सेकंद?

आता पुन्हा चंदगडच्या फडाकडे वळू. अंतर सेकंदांत मोजले म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो.

हत्ती किती वेगाने धावतो याविषयी पूर्वी नुसतेच अंदाज होते. जॉन हचिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थायलंडमधील हत्तींच्या सांध्यांवर रंगाचे ठिपके देऊन त्यांच्या धावण्याचे चलच्चित्रण केले आणि त्यावरून वेग काढला. २००३ साली 'नेचर' नियतकालिकात तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत वेगवान हत्तीचा वेग सेकंदाला ६.८ मीटर, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटर भरला.

या वेगाने आठ मीटर कापायला १.२ सेकंद पुरतात. उभ्या जागेवरून वेग घ्यायला हत्तीला थोडा वेळ लागेल म्हणून दोन सेकंद धरू. तेवढ्यात माणसाने काय करायचे? हत्ती निघाला हे ओळखायचे, मोबाइल खाली घ्यायचा, वळायचे आणि नांगरटीतून किंवा उसाच्या खोडक्यांतून पळायचे. ओळखून वळेपर्यंतच सेकंदभर जातो. साठ मीटरांवर हीच मुदत जवळजवळ नऊ सेकंदांची होते.

चार हजार किलोग्रॅमचा हत्ती या वेगाने येत असता त्याची गतिज ऊर्जा सुमारे ९२,००० ज्यूल असते. हजार किलोग्रॅमची मोटार ताशी ४९ किलोमीटर वेगाने यावी, तेवढी. अशा मोटारीसमोर उभे राहून कोणी तिचे चित्र काढीत नाही.

सेल्फीचे गणित तर याहून वाईट आहे. त्यात नाभीय अंतराचीही गरज नाही. आपला चेहरा सुमारे २२ सेंटीमीटर उंच आणि हात लांब केला की मोबाइलपासून साठ सेंटीमीटरांवर. तीन मीटरांचा हत्ती त्याच चित्रात चेहऱ्याएवढा दिसायला हवा असेल तर तो चेहऱ्याच्या अंतराच्या सुमारे चौदापट अंतरावर असला पाहिजे. म्हणजे आठ मीटरांच्या आसपासच. शिवाय हत्तीकडे पाठ!

हे केवळ कागदावरचे गणित नाही. महाराष्ट्रात २००२ च्या सुमारास कर्नाटकातून रानटी हत्ती सिंधुदुर्ग जिल्ह्यात दोडामार्गकडे आले. पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा, चंदगड या भागांतही ते दिसू लागले. दुसऱ्या टोकाला, ऑक्टोबर २०२१ मध्ये छत्तीसगडमधून एक कळप गडचिरोली जिल्ह्यात उतरला. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच गडचिरोली जिल्ह्यात, कामासाठी आलेला एक तरुण रानटी हत्तीबरोबर सेल्फी काढायला गेला आणि हत्तीच्या पायाखाली जिवाला मुकला. वय ऐन विशीतले. आमच्या वर्गातील मुलांहून तो फार मोठा नव्हता.

येथे आफ्रिकेशी तुलना करताना एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अंबोसेलीसारख्या ठिकाणी हत्तींना पिढ्यान्‌पिढ्या पर्यटकांच्या गाड्यांची सवय झालेली आहे. तरीही माणसे गाडीबाहेर पाऊल टाकीत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरायलाच मनाई आहे. आपल्याकडचा हत्ती उभा असतो तो कोणाच्या तरी केळीत, भातात किंवा उसात. त्याला फटाके, आरडाओरडा, मशाली यांची सवय झालेली असते. माणूस म्हणजे त्रास, हे तो शिकलेला असतो. अशा हत्तीसमोर पायी उभे राहणे आणि सवयीच्या हत्तीसमोर गाडीत बसणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मग चित्र तसेच यावे असा हट्ट कशाला?

मग चित्रे काढूच नयेत काय?

अवश्य काढावीत. छायाचित्रांनी हत्तींविषयीच्या ज्ञानात मोलाची भर घातली आहे. इयन डग्लस-हॅमिल्टन यांनी १९६० च्या दशकात टांझानियातील मन्यारा सरोवराच्या परिसरात हत्तींचा अभ्यास केला. तेथील एकेक हत्ती ते त्याच्या कानांवरून आणि सुळ्यांवरून ओळखीत. हत्तीच्या कानाच्या कडेला फाटल्याच्या खुणा, भोके, खाचा असतात. कानावरील शिरांचे जाळेही प्रत्येकाचे निराळे असते. माणसाला जसा अंगठ्याचा ठसा तसा हत्तीला कान. सिंथिया मॉस यांनी १९७२ साली अंबोसेलीत सुरू केलेले काम याच पद्धतीवर उभे आहे. कोण कोणाची मुलगी, कोणत्या कळपाची आजी केव्हा वारली, हे तेथे नोंदलेले आहे, आणि त्या नोंदींचा पाया कानांची चित्रे हा आहे. आपल्याकडे मद्रासचे एम. कृष्णन यांनी आयुष्यभर रानटी हत्तींची कृष्णधवल चित्रे काढली.

या सर्वांच्या चित्रांत एक गोष्ट समान आहे. हत्ती आपला उद्योग करीत असतो : चरतो, पाणी पितो, पिलाला सोंडेने सावरतो. अभ्यासाला उपयोगी पडते ते असे चित्र. कान ताठ उभारलेला, मान वर केलेला, सोंड गुंडाळून आपल्याकडे रोखून पाहणारा हत्ती चित्रात रुबाबदार दिसतो खरा. पण हत्तींच्या वागण्याचा जाणकार त्यात इशारा वाचतो. त्या क्षणी हत्तीने आपले काम सोडले आहे, कारण चित्र काढणारा फार जवळ आला आहे. असे चित्र हत्तीविषयी थोडे आणि छायाचित्रकाराविषयी अधिक सांगते.

यात दोष केवळ मुलांचा नाही. तो आम्हा शिक्षकांचाही आहे आणि त्यातला माझा वाटा मी येथे कबूल करतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या छायाचित्र स्पर्धेला मी परीक्षक होतो. आपल्या जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात नायगावचे मयूर अभयारण्य आहे आणि त्या परिसरात रानातही मोर पुष्कळ. एका मुलाने लांडोरीच्या घरट्याचे चित्र आणले होते : जमिनीवरील खळग्यात पाच अंडी, अगदी स्पष्ट, वर एक काडीही आड आलेली नाही. मी त्याला पहिले बक्षीस दिले. बक्षीस घेताना त्याने अभिमानाने सांगितले की, घरट्यावर काटेरी फांद्या होत्या, त्या त्याने तोडून बाजूला केल्या. पुढच्या आठवड्यात तेथे नुसती टरफले होती. त्या फांद्या म्हणजे अंड्यांचे छप्पर होते. ते मुलाने मोडले आणि मोडण्याला बक्षीस मी दिले. चित्र कसे काढले, किती अंतरावरून काढले, हे परीक्षक म्हणून मी विचारलेच नव्हते.

माझी सूचना

म्हणून माझी सूचना अशी आहे. वन्यप्राण्याचे छायाचित्र कोणीही छापो, प्रदर्शनात मांडो वा स्पर्धेला पाठवो, त्याखाली एक ओळ सक्तीची असावी. उदाहरणार्थ : "अंतर ६० मीटर, भिंग ४०० मि.मी.; मोटारीतून." आपण प्रयोगवहीत प्रत्येक राशीपुढे एकक लिहितो. नकाशाखाली प्रमाण लिहितो. सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या चित्राखाली किती पट मोठे केले ते लिहितो. मग हत्तीच्या चित्राखाली अंतर का नको? ज्या चित्राखाली ही ओळ नसेल त्याला बक्षीस देऊ नये. आणि चित्र धोक्याच्या अंतरावरून काढले असेल तर ते कितीही सुंदर असो, बाद करावे. ओळ खरी की खोटी हे तपासणे अवघड नाही. कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर भिंगाचे नाभीय अंतर आपोआप नोंदवून ठेवतो. बाकीचे काम आपल्या सूत्राचे. चित्र कापून लहान केले असेल तर मूळ चित्र मागवावे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. चारशे मिलीमीटरचे भिंग आमच्या मुलांनी आणायचे कोठून? त्याच्या किमतीत ऊसतोडीच्या कित्येक हंगामांची कमाई जाईल. मग वन्यप्राण्यांची चित्रे काय फक्त श्रीमंतांनी काढायची?

माझे उत्तर असे की, साध्या मोबाइलने काढता येण्याजोगी आणि अभ्यासाला अधिक उपयोगी अशी चित्रे पुष्कळ आहेत. हत्ती निघून गेल्यावर, वनखात्याची माणसे बरोबर असताना, त्याच्या पावलाच्या ठशाचे चित्र काढा. शेजारी पट्टी ठेवा. पुढच्या पायाच्या ठशाचा घेर दुप्पट केला की हत्तीची खांद्यापर्यंतची उंची जवळजवळ बरोबर निघते, हा हत्तींची निगा राखणाऱ्यांचा जुना अनुभव आहे. मोडलेली केळ, सोललेली साल, लीद यांची चित्रे काढा. हत्तीने काय खाल्ले आणि तो कोठून कोठे गेला हे त्यांवरून कळते. आमच्याकडे हत्ती नसला तरी मोर आहेत, हरणे आहेत. तेथे आठपट मोठे दाखविणाऱ्या दुर्बिणीच्या मागे मोबाइल धरून पाहा. २६ मिलीमीटरचे भिंग २०८ मिलीमीटरच्या भिंगासारखे काम देते. दुर्बीण दोन-तीन शाळांनी मिळून घेतली तरी चालेल.

आणि चित्रात प्राणी लहान आला तर येऊ द्या. मोठ्या माळावर ठिपक्याएवढे हरीण दाखविणारे चित्र त्याचे घर दाखविते. कोणते गवत, किती झाडे, पाणी किती दूर, शेत कोठे सुरू होते, हे सर्व त्या एका चौकटीत असते. नुसते तोंड दाखविणाऱ्या चित्रात यातले काही नसते.

एक खबरदारी मात्र स्पष्ट सांगतो. वरील गणित घरी बसून करायचे आहे. रानटी हत्ती किंवा बिबट्या समोर दिसला असता अंतर काढीत उभे राहायचे नाही. आष्टी तालुक्यात २०२० साली बिबट्याने माणसांचे बळी घेतले, हे आपल्या जिल्ह्याने पाहिले आहे. अशा वेळी मोबाइल खिशात ठेवून मागे फिरायचे, इतरांना सावध करायचे आणि वनखात्याला कळवायचे.

शिक्षकबंधुभगिनींना एक विनंती आहे. भिंगांचा धडा शिकविताना मेणबत्ती आणि पडदा यांच्या जोडीला एखादे हत्तीचे चित्र घ्या आणि मुलांना विचारा, "चित्र काढणारा कोठे उभा होता?" मेणबत्तीचे गणित मुले परीक्षेपर्यंत लक्षात ठेवतात. हे गणित, ज्यांची घरची माणसे सहा-सहा महिने उसाच्या फडात राहतात, त्या मुलांना त्यापुढेही लक्षात ठेवावे लागणार आहे.

त्या दिवशी संध्याकाळी आमच्या विद्यार्थ्याने भावाला फोन लावला. काय बोलणे झाले ते त्याने दुसऱ्या दिवशी मला सांगितले. भाऊ आधी हसला. "अरे, लांब होता तो," म्हणाला. मग याने विचारले, "दादा, तू उभा होतास तिथून हत्तीपर्यंत किती पावलं होती, आठव बरं." पलीकडे बराच वेळ कोणी बोलेना. शेवटी भाऊ म्हणाला, "दहा-बारा असतील."

पावलांचे मीटर करून पाहा. फळ्यावरचे उत्तर बरोबर होते.